परसातली जाळी

ह्यो फोन असाच मधी ठिवायचा का? ठिवा, ठिवा. पन मी काय सांगनार तुमाला, माझ्यात सांगन्यासारखं हाय तरी काय, जल्मले, लग्न झालं, फुलं तोडली, संपलं. तरी तुमी येवढ्या उनाचं आलाय तर सांगते. माझं नाव शालन. माहेर मांडवगण फराटा. बाप माझा दुसऱ्याच्या उसाला पानी धरायचा, आमची सोताची जमीन म्हनाल तर घरामागचं परसू तेवढंच, पन परसू असं की घर त्याच्यापुढं कायच न्हाई. घरात काय, दानं, भांडी, देव, आन् पाऊस आला तर मानसं. बाकी सगळा संसार परसात. चूल तितंच, न्हानी तितंच, शेळी तितंच, माझ्या थोरल्या भनीला बघाय आले त्ये बी तितंच जांभळीखाली बसले. आईनं कुडाचा आडोसा करून बाळंतपनं तेवढी आत केली. तर मी अशी भाईर वाढल्याली. काय सांगू तुमाला, सोळा-सतरा वर्सं मला म्हाईतच न्हवतं की उनाळ्यात घर मानसाला भाजतं.

त्ये कळलं निमोण्याला येऊन. आमचं ह्ये घर तुमी बघितलंच, गावाच्या भाईर, माळावर, चारी अंगाला पत्रा आन् वर बी पत्रा. लग्न होऊन आले तवा मागं नुसता माळ हुता, गवताची काडी बी न्हाई, कुत्र्याला बसायला सावली न्हाई. सासूबाईंला मी म्हनलं, आत्याबाई, परसात झाड का न्हाई वो येखादं? त्या म्हनल्या, लाव की मग तू, तुला कोन आडवलंय. मग लावला लिंब. त्योच ह्यो. हंडा डोक्यावर घेऊन घातल्यालं पानी हाय त्याला. शेळ्यांनी दोन डाव खाल्ला, तरी पुन्यांदा फुटला, माझ्यावानीच चिवट निघाला मेला.

आमचं मालक, ह्ये नाना, ह्यांचं काम जाळीचं. म्हंजी शेतात त्ये हिरव्या जाळीचं शेडनेट असतंय, न्हाईतर पांढऱ्या कागदाचं पॉलिहाऊस, त्ये उभं करायचं. कागद म्हंजी प्लास्टिकच वो, आमच्यात सगळी कागदच म्हनत्यात. आदी हेल्पर हुते, मग मिस्तरी झाले. शिरूर म्हनू नका, दौंड म्हनू नका, तिकडं केडगाव-पाटस पतुर, ज्येनं ज्येनं फुलं लावली, ढबू मिरची लावली, त्यांच्यात नानांच्या हातचं काम हाय. पाइप रवायचे, तारा वढायच्या, वर चढून कागद तानायचा. असा तानायचे की टिचकी मारली तर वाजला पायजे. संगट रफिकभाई. रफिकभाई आमच्या गावचंच, मुलानी हायती, दोघं भावाभावासारखं. येक वर आसला की येक खाली, आन् दिसभर येकमेकाला शिव्या.

आन् मी आत. न्हाई कळलं? त्ये भाईरनं जाळ्या बांधायचे, आन् आमी बाया आत फुलं तोडायचो. जरबेरा. लाल, पिवळा, गुलाबी, लगीनघरात लावत्यात बगा, त्यो. त्यो कापायचा न्हाई, बुडातनं पिळून उपसायचा, मग पान्यात ठिवायचा, मग येकेका फुलाला प्लास्टिकची टोपी घालायची. आमी हसायचो, आपला पदर घामानं वला, आपल्या डोक्याला न्हाई कोन इचारत, आन् फुलाला टोपी! सकाळी आत गेलं तर बरं असायचं, पन दिस जरा वर आला की कागदाच्या आतनं पानी ठिबकायला लागायचं, लुगडं अंगाला चिकटायचं, श्वास घेतला तर वाफ आत जायाची. त्यात वरनं त्ये फॉगर. फॉगर म्हंजी धुक्यावानी पानी उडवायच्या तोट्या. फुलं मान टाकाय लागली की सुपरवायझर चालू करायचा, आन् फुलं ताजी व्हायची आन् आमी शिजायचो. येवढी वर्सं केलं त्ये. अजून बी करती, पन सकाळचंच, निम्मा दिस.

मी घरी येऊन कदी सांगितलं न्हाई. कुनाला सांगायचं? त्ये बी दमून यायचे, मी बी दमून यायची, भाकरी टाकायची, खायची, आडवं व्हायचं. दोघांचं काम येकाच जाळीत, पन जाळीवर बोलनं असं कवा झालंच न्हाई.

मग त्यो दिवस आला. वारं सुटलं हुतं आन् शेतवाल्याला घाई, कागद आजच चढवा म्हनला. नाना गटरवर हुते. गटर म्हंजी वरती पावसाच्या पान्याला पत्र्याची पन्हाळ असती, दोन मानसाच्या वर उंच. वाऱ्यानं कागद फुगला, ह्यांनी सोडला न्हाई, कागदासंगट उचललं आन् खाली बेडाच्या, म्हंजी फुलांच्या वाफ्याच्या कडंवर पाठ आपटली. मी शेजारच्याच जाळीत फुलं तोडत हुते. रफिकभाई वरडत आले, वैनी, वैनी. पुन्याला न्हेलं, लई दिस ठिवलं, सगळं केलं. पन कमरंखाली काय ऱ्हायलं न्हाई. हात चांगलं हायती, डोस्कं चांगलं हाय, तोंड तर लईच चांगलं हाय, पन पाय दुसऱ्याचं असल्यावानी पडून ऱ्हात्यात. रडले का म्हनाल तर मी रडले, ह्ये न्हाई. ह्ये नुसते पत्र्याकडं बघत ऱ्हायले.

त्यो पयला उनाळा सांगू नये असा. होळी झाली आन् पत्रा तापला. ह्या खोलीत दुपारचं हात लावंल ती वस्तू गरम, तांब्या गरम, उशी गरम. गोनपाट भिजवून पत्र्यावर टाकलं तर घटकाभरात कडकडीत वाळायचं. बाजेला पाठ लागून लागून कातडं लाल झालं, डाक्टर म्हनला, मावशी, पाठ कोरडी ठिवा, गार ठिवा, न्हाईतर जखम हाडापतुर जाईल. आता कोरडी आन् गार, ह्या घरात? मग मी बाज भाईर काढली. सकाळी घराची सावली ह्या मागल्या अंगाला, म्हंजी हितं परसात. दिस वर आला की सावली सरकनार, की बाज वढायची लिंबाखाली. कलला की घरापुढं. बाजेवर येवढा बाप्या, आन् मी येकली. कासरा बांधायची बाजेला आन् वढायची. परसात चार पायांचे चरे पडले, लांबलचक, नांगरल्यावानी. ह्ये म्हनायचे, बैल बदल आता, ह्यो म्हातारा झाला. मी म्हनायची, बैल न्हाई, गाय हाय, शेन घालते बघा तोंडावर. असं हसून वढायचं. पन माझी कमर तवापासनं जी गेली ती गेलीच.

आन् मला कामाला तर जावंच लागायचं. येक दिवस फुलांची गाडी आडकली, मला यायला उशीर झाला. येऊन बघते तर सावली गेलीया कवाच, आन् नाना भर उनात. टावेल तोंडावर घेतल्याला, दोनी हात उशीखाली घातलेलं, भाजू न्हाईत म्हनून. रस्त्यानं मानसं जात असत्यात वो, हाक मारली असती तर कोन बी आलं असतं. न्हाई मारली. मी टावेल काढला, तोंड असं लालबुंद, आन् मला म्हनत्यात, आलीस व्हय, चा टाक. चा टाक म्हनं! माझं काळीज फाटलं तवा. मी शिव्या दिल्या, लई शिव्या दिल्या, बाजेच्या पायाला धरून बसले.

त्ये संतोषला कळलं. संतोष म्हंजी आमचा ल्योक, शिक्रापूरला कंपनीत हाय, तितंच खोली घिऊन ऱ्हातो बायकूपोरांसंगट. चांगला हाय पोरगा, उगं कशाला नावं ठिवू. त्यो म्हनला, आई, आता बास, तुमी दोघं माझ्याकडं चला. मी बगून आलीया त्याची खोली. तिसऱ्या मजल्यावर, येक खिडकी, ती उघडली की समोरच्या बिल्डिंगची भित्त, हात लांबवला तर लागंल. खाली हायवे, दिसरात ट्रक. सूनबाई म्हनली, आत्या, पंखा हाय, कूलर आनू. नानांनी ऐकलं आन् तोंड फिरवलं. मला येकटीला म्हनले, शालन, मला तितं न्हेलं की मी पुन्यांदा आभाळ बघनार न्हाई, कोन उतरवनार मला तीन मजलं? पुढच्या उनाळ्याच्या तोंडाला संतोषनं शेवटचं सांगितलं. आखितीपतुर, म्हंजी अक्षय तृतीयेपतुर बघतो, तवर काय सोय झाली तर ठीक, न्हाईतर आखितीच्या दिशी गाडी घेऊन येनार आन् उचलून न्हेनार, मग तुमी कायबी म्हना. त्याचं बी खोटं न्हवतं. बापाला उनात भाजू कोन दील?

मग असं झालं की शेजारच्या वाडीवर येकानं फुलं मोडून ऊस लावला. त्याचं पॉलिहाऊस नानांनीच उभं केल्यालं. त्यो रफिकभाईला म्हनला, पाइप, जाळी, काय लागंल त्ये नानाला न्हे, त्याच्याच हातचं हाय. रफिकभाईनं टेम्पोत घालून आनून टाकलं हितं. आन् काय सांगू तुमाला, त्यो ढीग बघितला आन् नानांच्या तोंडावर रगत आलं. वरीसभर पत्र्याकडं बघनारा मानूस, उशी पाठीला लावून बसवा म्हनाला. फक्की आन, टेप आन, सुतळी आन. बाजेवर बसून काठीनं दाखवायचे आन् मी पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारायची. हिकडं न्हाई, हिकडं. वाकडी मारलीस. डोळं हायती का बटनं? मी म्हनलं, मिस्तरी, मजूर पळून जाईल बरं. लई दिसांनी त्यांला असं वरडताना ऐकलं, माझे डोळे भरून आले, पन मी खाली बघून फक्की वढत ऱ्हायले.

तर त्यांच्या डोक्यातलं काम कसं, त्ये आयका. घराच्या मागल्या भित्तीला चिकटून पाइप. वर जाळी, दुहेरी. चारी बाजूंनी बारीक जाळी, पार जमिनीपतुर, खाली चर खनून त्यात कडा पुरायच्या, म्हंजी माशी शिरनार न्हाई, धूळ शिरनार न्हाई, गरम वारं शिरनार न्हाई. दाराला पडदा, त्याच्या आत अजून येक पडदा. आन् वर फॉगर, जुनी मोटर लावून. नाना म्हनले, जरबेरा येवढा नाजूक, त्यो वैशाखात हसत उभा ऱ्हातो ह्याच्यात, तर मी न्हाई का ऱ्हानार?

मी आयकलं आन् हातातली फक्की खाली ठिवली. मला म्हाईत हुतं ना त्याच्यात काय हुतं त्ये. रफिकभाईला बी कळलं असंल, त्ये पाइप रवता रवता हळूच म्हनले, वैनी, कोंदट व्हईल वो ह्ये. मी म्हनलं, भाई, गप बसा. वरीस झालं, ह्या मानसानं आज पयल्यांदा पोटभर भाकरी खाल्लीया. करू द्या त्यांच्या मनासारखं. भाई म्हनले, बरं, तुमी म्हनाल तसं. आन् दोघांनी मिळून त्यांच्या मनासारखं केलं. तार न् तार तानून, टिचकी मारली की वाजंल अशी जाळी. गावातली मानसं बघाय आली. नाना बाजेवर बसून सगळ्यांला सांगत हुते, पाइप कोनचा, गाठ कोनती. नारळ फोडला, पेढं वाटलं.

सकाळी झकास वाटलं. हिरवा उजेड, माशी न्हाई, पानी उडतंय बारीक. मी कामाला गेले. आन् दुपारी आले, पडदा वर केला, आत पाय टाकला, तर काय? त्येच. तीच वाफ, त्योच वास, तसंच लुगडं अंगाला चिकटलं. मी येका जाळीतनं सुटून दुसऱ्या जाळीत आले. नाना घामानं न्हालेले, चादर वली, केसातनं पानी गळतंय. मी म्हनलं, कसं वाटतंय? म्हनले, झकास. गार लागतंय जरा. गार म्हनं! मी बी म्हनलं, व्हय, गार हाय की. आन् शेजारी बसून भाकरी खाल्ली.

असं चाललं. त्ये म्हनायचे झकास, मी म्हनायची झकास. पाठीवर घामोळं उठलं, जुन्या लाल जागंवर कातडं मऊ पडलं, मी पावडर लावायची आन् बोलायची न्हाई, त्ये दात खायचे आन् बोलायचे न्हाई. हिकडं आखिती जवळ येत चालली. मला वाटायचं, बोलले तर ह्यांचं मन मोडंल आन् न्हाई बोलले तर पाठ जाईल. आन् दोन्हीचा शेवट शिक्रापूरच. मी लिंबाखाली भांडी घासता घासता इचार करायची, देवा, कुनाच्या तरी तोंडानं तूच सांग रं बाबा.

येक दिवस दुपारी लाइट गेली. मोटर थांबली, फॉगर थांबला. आत असं झालं की पान हलंना. आमी दोघं बसलेलो. मग नाना म्हनले, शालन. मी म्हनलं, काय? म्हनले, तू ह्याच्यात काम केलंस? मी म्हनलं, व्हय. म्हनले, असंच असतंय आत? मी म्हनलं, असंच, तितं तर वर कागद असतोय, ह्याच्यापरीस जास्ती. म्हनले, येवढी वर्सं? मी म्हनलं, येवढी वर्सं. मग बोलली का न्हाईस कवा? आता काय सांगायचं, मी म्हनलं, तुमी तरी कवा इचारलं. मग म्हनले, मी कायम वर असायचो गं. वर वारं असायचं. वरनं खाली बघितलं की सगळं हिरवंगार, गार दिसायचं. मला वाटायचं, आपुन उनात हाय तर हाय, आपली बायकू तरी सावलीत हाय. तेवढ्यावर मी उनात काम केलं.

आसं म्हनले. मला रडू आलं. मी पदर तोंडात घातला. वर्सानुवर्सं ह्यो मानूस येवढं येक समाधान उराशी धरून पाइपावर चढत ऱ्हायला, आन् त्ये बी खोटं निघालं.

मग म्हनले, इळा आन. मी म्हनलं, कशाला, राहू द्या, रफिकभाई येतील सांजच्याला, इचार करू. म्हनले, इळा आन म्हनतो ना. आनला. बाजेवर आडवं पडूनच त्यांनी हात लांबवला आन् त्यांच्या हातानं तानल्याली, गाठी मारल्याली जाळी टराटरा फाडली. हात पुरंना तितं माझ्याकडं इळा दिला, म्हनले, आता तू. मी फाडली. चारी बाजू फाडल्या. आन् वारं आलं वो! गरमच हुतं, चैताचं, पन वारं हुतं. घामावर लागलं आन् आंग शहारलं. नाना डोळं मिटून पडले आन् म्हनले, आय्योव.

मग मला इचारलं, तुमी बाया जेवायला कुठं बसायचा? मी म्हनलं, बांधावर, बाभळीखाली. तितं काय हुतं? मी म्हनलं, काय न्हवतं. डोक्यावर सावली हुती, चारी अंगाला मोकळं हुतं, खाली माती हुती. म्हनले, मग तसं करायचं. तू सांग, मी गाठी मारतो.

तर ह्ये जे तुमी बसलाय त्ये माझ्या सांगन्यावरनं हाय. आधी पत्र्याची भित्त सोडली. ती भित्त दिसभर तापून मागं आग टाकती, तिला चिकटून कोन बसंल? लिंबाच्या अंगाला सरकवलं, सकाळचं ऊन घर आडवतं आन् दुपारचं लिंब. छप्पर उंच घेतलं, हात वर केला तरी लागू न्हाई, म्हंजी गरम हवा वरच्या वर जाती. जाळी येकेरी आन् तिच्यावर उसाचं पाचट. पाचटाची जाड सावली असती, जाळीची पातळ. बाजू सगळ्या मोकळ्या, फकस्त मावळतीला तुराट्यांचा ह्यो कूड, सांजचं तिरपं ऊन आडवायला, आन् त्यो बी खाली-वर मोकळा ठिवलाय. रफिकभाई म्हनले, फरशी आनू, सोपं पडंल. मी म्हनलं, फरशीवर चटकं बसत्यात दुपारचं. मुरूम चोपला, माती घातली, शेनानं सारवला ओटा. सांजच्याला पानी शिंपडलं की बास. फॉगर गेलं भंगारात, माठ आला. त्या कोपऱ्यातनं घोसाळ्याचा येल सोडलाय. आन् नानांचं तोंड रस्त्याकडं, येनारा-जानारा दिसतो, कोन ना कोन थांबतंच, मग ह्ये आन् त्ये, राजकारन बडवत बसत्यात.

ओट्याची रेघ मारताना मी बाजेचं माप घेतलं आन् त्याच्या भोवती हातभर जागा सोडली. नाना म्हनले, आन् तुझी? मी म्हनलं, माझी काय? म्हनले, तुझी बाज कुठं बसंल ह्याच्यात? मी म्हनलं, अवो, मला कवा येळ हाय बाजेवर पडायला. म्हनले, रेघ पुसून टाक, परत मार, दोन बाजांची मार. आन् ती बाज त्यांनीच इनली. जाळीच्या कामातला दोर उरला हुता, कुशीवर पडून, उजव्या हातानं, लई दिस लावले. थोडी वाकडी आलीया, बघा हिकडं. पन अशी तानलीया की टिचकी मारली तर वाजती.

आखितीला संतोष आला पिकअप घेऊन, गादी घालून, सगळी तयारी करून. त्ये मला दिसलंच न्हाई. आंबं-पुरनाचं जेवन करून मी भांडी घासून आले, म्हनलं वाईच टेकते, आन् जी झोपले. माझ्या आठवनीत दुपारचं निजल्याली मी म्हनजी बाळंतपनात, न्हाईतर तापात. त्यो परसात आला तर नानांनी तोंडावर बोट ठिवलं म्हनं, हळूच म्हनले, आई निजलीया. संतोष उभाच ऱ्हायला. मग ओट्यावर बसला. मग आडवा झाला. मी जागी झाले तवा ऊन उतरलं हुतं आन् बापल्योक दोघं निजलेलं, येक बाजेवर, येक मातीवर, रात्रपाळी करून आल्यालं पोरगं त्ये, तोंड उघडं. मी चा केला. चा पिऊन त्यो उठला, नानांची पाठ बघितली, माठातलं पानी पिला आन् म्हनला, आई, गादी ठिवून जातो. गाडी मोकळी गेली.

आता तवापासनं हितंच. नानांची पाठ वाळलीया. सोपं न्हाई वो, खोटं कशाला बोलू, उचलायचं, पुसायचं, फिरवायचं, माझी कमर वाकली, गुडघं बोलत्यात, सकाळचं त्या कागदाखाली अजून जावंच लागतं. किती दिस माझ्यानं व्हईल ठावं न्हाई, आन् ज्या दिवशी न्हाई व्हनार त्या दिवशी संतोषची गाडी हायच. पन आजचं आज. दुपारचं घरी येते, भाकरी खाते, आन् ह्या बाजेवर पडते, आन् नाना दोर वढत्यात तिकडनं, बघा, तुराट्यांच्या पंख्याचा, वर बांधलाय त्यो, त्यांनीच केलाय, मला वारं घालायला. पयल्यांदा मी भांडले, मला कशाला वारं. म्हनले, गप पड, मी सावलीत हाय, तू बी हायस, आता खरंच हायस.

झालं माझं. तुमचं भलं व्हवो, तुमच्या आईचं बी व्हवो, तिला बी दुपारची पाठ टेकायला जागा मिळो. फोन चालू राहू द्या, नाना हायती बोलायला, पाइपाचं काय इचारायचं त्ये त्यांला इचारा. मी वाईच पडते.